स्वतःचं घर बांधल्यावर: वायरिंग आणि गरम पाण्याच्या निर्णयांचा सगळ्या ऋतूंतला अनुभव

साताऱ्याबाहेर बांधलेल्या आमच्या घरात आता सगळे ऋतू काढून झाले. डिसेंबरची थंडी, वैशाखातला वळीव, आषाढातली झड, सगळं. घर बांधताना फरशी, रंग आणि किचनच्या ट्रॉल्यांवर महिनोन्महिने चर्चा होते. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या गोष्टींचा विषय मात्र "ते वायरमन बघेल" म्हणून दोन मिनिटांत मिटतो. आम्ही फरशी साधी घेतली, फॉल्स सीलिंग केलंच नाही आणि तो पैसा वायर, पाइप, डीबी (घरभर वीज वाटणारा मुख्य बोर्ड) आणि पाण्याच्या टाकीची उंची यांत घातला. त्याचा उपयोग कसा झाला ते सविस्तर लिहिते. खाली तीन खोल्या, वर दोन, माणसं पाच, त्यात सासूबाई सत्तरीच्या पुढच्या.

आधी वायर. कोटेशन बहुतेक वेळा पॉइंटच्या दराने मिळतं आणि त्यात वायर किती जाडीची हे लिहिलेलंच नसतं. आम्ही खोदून विचारलं तेव्हा कळलं की लाइटला एकची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची) आणि किचनच्या पॉवर पॉइंटलासुद्धा दीडचीच धरली होती. "ताई, सगळीकडं हीच टाकतो आपण, काय होत नाही," असं उत्तर मिळालं. म्हणून मी कागदावर गणित मांडलं. डीबीपासून ओट्यापर्यंत पाइपच्या वळणांसकट वीसेक मीटर अंतर आहे. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालू झाले की ३ किलोवॅट, म्हणजे साधारण १३ अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाता-येता ४० मीटरमध्ये ८० वॅटच्या आसपास उष्णता नुसती भिंतीत जिरते. चारच्या वायरीत तीच ३३-३४ वॅटवर येते. ८० वॅट म्हणजे जुन्या पद्धतीचा एक सीलिंग फॅन प्लास्टरच्या आत चालू ठेवल्यासारखं. शिवाय वायर तापून तिचं आवरण लवकर कडक होतं ते वेगळंच. शेवटी लाइट-पंख्याला दीड, साध्या सॉकेटला अडीच, आणि ओटा, गीझर, एसीची जागा यांना थेट डीबीपासून चारची, असं लेखी ठरवून घेतलं. ओट्याला दोन स्वतंत्र लाइनी दिल्या. इंडक्शन, मिक्सर आणि घरघंटी अशी तिन्ही एका वेळी चालू असतात तेव्हाही एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं स्विच) पडत नाही आणि बोर्डाला हात लावला तर तो गार लागतो.

वायरीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो पाइप. स्लॅब भरण्याआधी जे पाइप सळ्यांना बांधले जातात त्यांवर पुढची सगळी मदार असते, कारण भिंत खोदता येते, स्लॅब नाही. आम्ही सगळीकडे २५ मिलिमीटरचे पाइप घेतले आणि एकात वायरी कोंबू दिल्या नाहीत. पाइपचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा राहिला तरच जुनी वायर ओढून नवी टाकता येते. तीन पाइप तर चक्क रिकामे ठेवले: गच्चीपासून मीटरपर्यंत एक, डीबीपासून पोर्चपर्यंत एक, हॉलपासून वरच्या खोलीपर्यंत एक. आत फक्त नायलॉनची दोरी. सेंट्रिंगवाले, गवंडी सगळे विचारत होते की रिकामा पाइप कशाला. त्यांतला गच्चीचा आणि हॉलचा वापरात आलेही, आणि कुठेही छिन्नी लागली नाही.

स्लॅब भरायच्या दिवशी मात्र तुम्ही स्वतः तिथे उभं राहायला हवं. काँक्रीट ओतताना घमेलं आपटून पाइपचा सांधा निसटतो आणि आत सिमेंटचं पाणी शिरून पाइप कायमचा बुजतो. आम्ही प्रत्येक सांध्याला सोल्युशन लावलंय का ते हाताने ओढून पाहिलं, फॅनबॉक्समध्ये कागदाचे बोळे भरले, आणि ओतकाम चालू असताना घरातलं एक माणूस फक्त पाइपांवर नजर ठेवून होतं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून फोटो काढले. परवा बाथरूममध्ये आरसा लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्या फोटोंवरून क्षणात कळलं.

आता डीबी. सगळ्यात जास्त समाधान मला याचं आहे. एमसीबी वायरीचं रक्षण करतो, माणसाचं नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. बऱ्याच घरांत अख्ख्या घराला मिळून एकच बसवतात, आणि मग कुठेतरी ओल आली की सगळं घर अंधारात. आम्ही तीन केले: बाथरूम आणि बाहेरचे दिवे एकावर, खालच्या खोल्या आणि फ्रीज दुसऱ्यावर, वरचा मजला तिसऱ्यावर. जुलैत एका रात्री बाहेरचे सगळे दिवे गेले. घरात फ्रीज चालू, पंखे चालू. सकाळी गेटच्या खांबावरचा दिवा उघडला तर काचेच्या वाटीत बोटभर पाणी, वायरीच्या कनेक्टरवर हिरवट थर, आणि रबरी वायसर मुंग्यांनी कुरतडलेला. कोणी ओल्या हाताने त्या खांबाला टेकलं असतं तर काय झालं असतं हा विचार अजून मनातून जात नाही. आरसीसीबीवर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदला. आमच्या घरी हे काम धाकट्याने आपल्याकडे घेतलंय.

याच जोडीला इन्व्हर्टरचा न्यूट्रल. हा मुद्दा फार कमी लोक सांगतात. आपल्याकडची रीत अशी की इन्व्हर्टरची फक्त फेज प्रत्येक बोर्डाला फिरवायची आणि न्यूट्रल सामाईक ठेवायचा. आरसीसीबी नसेल तर तसं चालूनही जातं. पण एकाहून जास्त आरसीसीबी असतील तर फेज एकातून येते, न्यूट्रल दुसऱ्यातून परततो, आणि काहीही बिघाड नसताना दोन्ही पडत राहतात. मग वायरमन वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. आमच्याकडे आधीच्या वायरमनने असा सामाईक न्यूट्रलच ठेवायला सुरुवात केली होती. त्याच्याशी जमलं नाही, काम दुसऱ्याला दिलं. या दुसऱ्या दादांनी इन्व्हर्टरच्या लाइनीला सुरुवातीपासून स्वतःचा वेगळा न्यूट्रल फिरवला आणि प्रत्येक न्यूट्रलला डीबीत नंबर लावला. वायर थोडी जास्त लागली, पण राहायला आल्यापासून एकदाही विनाकारण ट्रिपिंग नाही. पंखे सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले. जिथे साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो तिथे हे तिशीच्या आसपास, म्हणून त्याच इन्व्हर्टरवर पाचही पंखे निवांत चालतात. बोर्डात रेग्युलेटरची जागा मात्र मग धरू नका, या पंख्यांना तो चालत नाही.

अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीचा रोध मे महिन्यात, जमीन कोरडी ठाक असताना मोजून घेतला. पावसाळ्यात मोजलेला आकडा नेहमी चांगलाच येतो.

गरम पाण्याकडे येते, कारण रोजचं सुख-दुःख खरं तिथे आहे. आमच्याकडे २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा हीटर आहे. याची गंमत अशी की पाणी फिरवायला पंप लागत नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. पण थंड पाणी त्याच्यात उताराने यायला हवं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे. हे घर पूर्ण झाल्यावर सुचलं की लोखंडी मचाण उभं करावं लागतं, आणि ते गंजतं, दिसतंही वाईट. आम्ही जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर टाकी ठेवायची हे नकाशातच ठरवलं आणि इंजिनिअरकडून त्या स्लॅबची सळी तशी करून घेतली. १००० लिटर म्हणजे एक टन वजन, हे तोंडी सांगून भागत नाही.

जागा ठरवताना सावली बघितली. आपल्याकडे साताऱ्याला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही पावणेनऊ फूट पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून लांब. गरम पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच. म्हणून जिन्याची खोली उत्तरेला घेतली आणि दक्षिणेकडची गच्ची मोकळी सोडली. थंडीत सकाळी सहाला पाचही जणांच्या अंघोळी होऊन भांड्यांपुरतं पाणी उरतं.

पाइपची लांबी हा दुसरा मुद्दा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपच्या दर मीटरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. १२ मीटरची लाइन असेल तर नळ सोडल्यावर पहिलं ३ लिटर गारच येणार, आणि तेवढंच गरम पाणी अंघोळीनंतर पाइपात थिजत पडणार. आम्ही खालचं बाथरूम वरच्याच्या बरोबर खाली घेतलं, दोन्हींच्या भिंतीलगत एकच डक्ट, त्यातून सरळ खाली उतरणारी लाइन, वर फोमचं आवरण. खालच्या बाथरूमला पाव बादलीच्या आत गरम पाणी येतं. ओटा मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, तिथे सोलरची लाइन नेलीच नाही. ३ लिटरचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर लावला. तो भांड्यांपुरता ठीक, अंघोळीला मात्र घेऊ नका: थंडीतलं पाणी २५ अंशांनी तापवायचं तर ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर निघतं. बारीक धारेखाली कुडकुडत उभं राहायची हौस कोणाला असते?

आषाढ-श्रावणात सोलरवर भिस्त ठेवता येत नाही. सलग झड लागली की दुसऱ्या दिवसापासून पाणी कोमट. सोलरच्या टाकीत कॉइल टाकायचा पर्याय विक्रेत्याने दिला होता, पण त्यात २०० लिटर तापवावं लागतं. २० अंशांनीसुद्धा साडेचार युनिटच्या वर. त्यापेक्षा बाथरूममध्ये १५ लिटरचा स्वतंत्र गीझर आणि दोन व्हॉल्व्हचा बायपास बरा पडला. १५ लिटर ३५ अंशांनी तापवायला सहा दशांश युनिट पुरतं, आणि ज्याला हवं तो तेवढंच तापवतो.

एक इशारा. बिनदाबाच्या सोलर टाकीबरोबर प्रेशर पंप लावू नका. थंड लाइनला दाब आणि गरम लाइनला नाही, असं झालं की मिक्सरमधून थंड पाणी उलटं गरम लाइनीत चढतं आणि गच्चीवरच्या हवेच्या पाइपातून वाहून जातं. यामुळे आमच्या वरच्या बाथरूममधला शॉवर मध्यमच चालतो. पाच-सहा फुटांच्या उंचीवरून जेवढा दाब मिळतो तेवढाच. मोठ्या शॉवरची ज्यांना आवड आहे त्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं. आम्हाला बादलीची सवय, त्यामुळे तक्रार नाही.

गच्चीच्या रिकाम्या पाइपातून नंतर ३ किलोवॅटच्या सोलर पॅनेलची वायर खाली आली. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि दिलेल्या-घेतलेल्या विजेची नोंद ठेवणारा नेट मीटर बसतो. स्वच्छ उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास, पावसाळ्यात त्याच्या निम्मंसुद्धा नाही. घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. वळवाच्या वादळानंतर भर दुपारी पॅनेलवर लख्ख ऊन आणि घरात वीज नाही, असं होतं. म्हणून आमचा जुना इन्व्हर्टर जागेवरच आहे.

बोर्डांच्या जागा ठरवताना पलंग, कपाट, दिवाण यांची मापं खडूने कच्च्या जमिनीवर आखली आणि मगच भिंतीवर खुणा केल्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या, हात लांब केला, तिथे त्यांच्या खोलीचं बटण. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या दिव्याला दोन्हीकडून चालू-बंद होणारं टू-वे स्विच दिलं, आणि त्यांच्या खोलीतले सॉकेट गुडघ्याऐवजी कंबरेच्या उंचीवर. त्या स्वतः म्हणतात, "रात्री उठायचं तर आता कुणाला हाक मारावी लागत नाही." एवढ्या वायरिंगमध्ये हे एक स्विच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

यूएसबीचे सॉकेट आणि जिन्यातले सेन्सरचे दिवे फारसे कामाला आले नाहीत. मोबाइलचे चार्जर बदलत गेले, सेन्सर मांजर गेलं तरी पेटतो.

पोर्चचा पाइप अजून रिकामाच आहे. सध्या स्कूटर साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होते. पुढे गाडी आली तर ७ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतील, त्यासाठी सहाची वायर आणि मंजूर भार वाढवून घेणं एवढंच काम उरेल. त्याआधी दिवाळीला सोलरच्या ट्यूब उतरवून आतला क्षार काढायचा आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, आणि हे काम दरवर्षी करावं लागणार असं दिसतंय.