टिडलीविकी: एकच फाइल की नोड सर्व्हर?

टिडलीविकी ही ब्राउझरमध्ये चालणारी नोंदवही २००४ पासून आहे आणि तिची खरी ताकद आजही एकाच एचटीएमएल फाइलीत आहे. नोंदी, शोध, संपादक सगळं त्यातच. पेनड्राइव्हवर टाका, ब्राउझरमध्ये उघडा, लिहायला लागा.

घोडं अडतं ते सेव्ह करताना. डिस्कवरची मूळ फाइल ब्राउझर पानाला परस्पर बदलू देत नाही, त्यामुळे दर वेळी डाउनलोडमध्ये नवी प्रत पडते आणि पुढच्या खेपेला चुकून जुनीच उघडली जाते. त्यासाठी टिडली डेस्कटॉप हे थेट मूळ फाइलीतच सेव्ह करणारं अ‍ॅप वापरावं. आत टाकलेली चित्रं बेस६४ रूपात, म्हणजे अक्षरांच्या मजकुरात बदलून, साठतात, म्हणजे आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. शिवाय प्रत्येक सेव्हला अख्खी फाइल पुन्हा लिहिली जाते. चित्रं शेजारच्या फोल्डरात ठेवून फक्त दुवा द्यावा.

दुसरा मार्ग नोडचा, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसवर टिडलीविकीचा सर्व्हर चालवण्याचा. तिथे प्रत्येक नोंद स्वतंत्र टिड फाइल होते. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कुठली ओळ बदलली ते नेमकं दिसतं, आणि वर्षानुवर्षं टिकवायच्या टिपणांसाठी हेच मोलाचं. एनपीएम या नोडच्या पॅकेज-साधनाने टिडलीविकी बसवा, इनिट आज्ञेने फोल्डर तयार करा, लिसन आज्ञेने सर्व्हर सुरू करा, पोर्ट ८०८०. मात्र टिड फाइल बाहेरून बदललीत तर सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल दिसत नाही. पासवर्डही आपणच लावावा लागतो.

एकट्याची, फिरती वही हवी तर फाइल. रोजचं मोठं काम असेल तर नोडच. जुनी फाइल लोड करून सेव्हविकीफोल्डर आज्ञेने नोंदी फोल्डरात उतरवता येतात.