टाकी गळली नाही, तरी फसलो

सोलापूर जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत मी प्रोजेक्टचं काम बघतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही इथेनॉलसाठी 14 मीटर व्यासाची, 12 मीटर उंचीची टाकी बांधून घेतली. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण झालं ते उद्या तुमच्या साइटवरही होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

काम संपल्यावर टाकीत पाणी भरलं. तीन दिवस भरलेली होती, एक थेंब गळला नाही. सोबत मापांचा छापील रिपोर्ट आला: ओळंबा, त्रिज्या, उभ्या जोडांचं पीकिंग (जोडापाशी प्लेट गोलाई सोडून किती बाहेर किंवा आत गेली ते). सगळं मर्यादेत. मी सही केली आणि 90 टक्के बिल निघालं.

पंधरा दिवसांनी टाकीच्या आतलं तरंगतं छत (द्रवावर तरंगून वाफ रोखणारं) बसवणारी माणसं आली. त्यांच्यातल्या वयस्कर फिटरने कशालाही हात लावण्याआधी वरच्या कर्ब अँगलवरून (भिंतीच्या वरच्या कडेला जोडलेल्या लोखंडी अँगलवरून) ओळंबा सोडला, दोरी स्थिर होऊ दिली आणि खाली पट्टी लावली. 94 मिलिमीटर! एपीआय 650 या टाक्यांच्या अमेरिकन मानकाप्रमाणे टाकीच्या उंचीच्या दोनशेव्या भागाइतकाच कल चालतो, म्हणजे आमच्या टाकीला 60. मग त्याने 7 मीटर त्रिज्येच्या गोलाईत कापलेली, 900 मिलिमीटर लांबीची प्लायवूडची फळी आतून उभ्या जोडावर आडवी धरली. दोन्ही टोकं टेकली, पण मधल्या फटीत माझा अंगठा सहज गेला. मोजलं तर 24. मर्यादा 13 ची.

"साहेब, यात छत अडकणार. एका बाजूला छताच्या कडेचं सील घासेल, दुसऱ्या बाजूने वाफ जाईल," एवढंच म्हणून त्याने सामान गाडीत परत ठेवलं.

त्या रात्री मी रिपोर्ट घेऊन गेट रजिस्टर उघडलं. सगळ्यात वरच्या, आठव्या कोर्सचा (भिंतीतल्या प्लेटांच्या आडव्या थराचा) ओळंबा 12 तारखेला घेतल्याची नोंद होती. आणि आठव्या कोर्सच्या प्लेटा गेटमधून आत आल्या 14 तारखेला! उभीच नसलेली भिंत यांनी मोजली होती. रिपोर्टातले आकडे नीट वाचले असते तर तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळं पीकिंग 3 ते 6 च्या दरम्यान, एकही वाईट आकडा नाही. खऱ्या टाकीची मापं अशी येत नाहीत.

फसवणूक कुठे झाली तेही पुढे कळलं. प्लेट रोलिंग मशीनमधून काढली की तिची दोन्ही टोकं थोडी सपाट राहतात, ती आधी वेगळी वाकवून घ्यावी लागतात. यांनी तो खर्च वाचवला. सपाट टोकं डॉग (तात्पुरता जोडलेला लोखंडी तुकडा) आणि पाचर मारून ओढली, वेल्डिंगचे छोटे टाके मारून टॅक केली आणि वेल्डिंग करून टाकलं. त्यामुळे प्रत्येक उभा जोड घराच्या आढ्यासारखा बाहेर आला.

ठेकेदार फोनवर म्हणाला, "पाणी भरलं की टाकी आपोआप गोल होते." हे खोटं आहे. पाण्याच्या दाबाने शेल, म्हणजे टाकीची भिंत, थोडा ताणला जातो, पण जोडावरचा कोन पूर्ण निघत नाही, आणि टाकी भरताना-उपसताना तिथे दर वेळी वाकण्याचा ताण येतो. पाण्याची चाचणी गळती आणि पाया खचतो का ते दाखवते, आकाराची हमी देत नाही. पायाकडे बोट दाखवायचाही प्रयत्न झाला. पण रिंगवॉलची (टाकीखालच्या गोल काँक्रीट पायाची) लेव्हल आम्ही स्वतः घेतली होती, 9 मीटरमागे 3 आणि पूर्ण घेरात 6 मिलिमीटरच्या आत, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून जोड कापून दुरुस्ती करायला अडीच महिने गेले आणि गाळप हंगामाची सुरुवात हातची गेली.

आमच्या वर्क ऑर्डरमध्ये फक्त "कोडप्रमाणे" असं लिहिलं होतं. तुम्ही आकडे लिहून घ्या. 12 ते 45 मीटर व्यासाला त्रिज्येत 19 मिलिमीटर कमी-जास्त चालतं, आणि ते माप तळाच्या जोडापासून 300 मिलिमीटर वर घ्यायचं. पहिला कोर्स उभा राहताच, पाणी भरण्याच्या कितीतरी आधी, टेप तुमच्या माणसाच्या हातात हवी. पैसे कोर्सागणिक सोडा. फळी तुमची स्वतःची कापून ठेवा, ठेकेदाराची वापरू नका.

आता दुसऱ्या टाकीचा पहिला कोर्स उभा आहे. काल सकाळी ऊन चढायच्या आत 24 ठिकाणी त्रिज्या घेतल्या. सगळ्यात मोठा फरक 11 मिलिमीटर निघाला.