मॅजिक सेट एडिटर : मनातला प्राणी कार्डावर उतरवताना

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि 1993 साली बाजारात आलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्याला कधी ना कधी स्वतःच्या कल्पनेतला प्राणी कार्डावर उतरवावासा वाटतोच, आणि त्यासाठी ‘मॅजिक सेट एडिटर’ हे मोफत सॉफ्टवेअर मला मनापासून आवडले. नाव, ‘माना’चा (म्हणजे कार्ड खेळण्यासाठी लागणाऱ्या जादुई शक्तीचा) खर्च, क्षमता आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातले पॉवर-टफनेसचे (प्राण्याचा मारा किती आणि तो किती मार सोसतो याचे) आकडे थेट कार्डाच्या चित्रावरच टाइप करता येतात, आणि मजकूर वाढला की अक्षरे आपोआप लहान होऊन चौकटीत बसतात.

मी चार मानांत 5/5 असा उडणारा मगर केला होता. तो दिसायला फार देखणा झाला. पण मूळ खेळातली ‘सेरा एंजल’ ही उडणारी देवदूत पाच मानांत 4/4 आहे हे आठवल्यावर त्याचा खर्च सहावर नेणे मला भाग पडले. हा समतोल सॉफ्टवेअर राखून देत नाही, त्यासाठी चार डाव खेळूनच पाहावे लागतात.

छपाईचा अनुभव मात्र मनस्ताप देणारा ठरला. कार्डाचे माप साधारण 63 × 88 मिलिमीटर असते आणि कापणीसाठी कडेबाहेर रंग वाढवून द्यावा लागतो, हे छापणाऱ्याने आधी सांगितलेच नाही, त्यामुळे डावीकडची काळी किनार जवळजवळ नाहीशी झाली. दुसऱ्या खेपेस चारही बाजूंना 3 मिलिमीटर वाढवून दिले, तेव्हा कुठे मगराची शेपटी चौकटीत नीट बसली.