मधल्या ओट्यावरची चिमणी: कूलरवाल्याने बनवलेल्या हूडचे नऊ महिने

संक्रांतीच्या आठवड्यात शेगडीवर बसवलेला, धूर ओढणारा हूड दिवाळीच्या तोंडावर नऊ महिन्यांचा झाला. मधे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गेला, पावसाळा गेला, श्रावणातली तळणं झाली, पोळ्याच्या पुरणाचा सगळा पसारा झाला. सगळे ऋतू बघून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं.

आमचं घर नागपूरच्या बेसा भागात, तळमजला आणि वर एक मजला. स्वयंपाकघर उघडं, जेवणाच्या टेबलाला लागून, आणि शेगडी मधल्या ओट्यावर. हा ओटा माझ्याच हट्टाचा. भिंतीकडे तोंड करून पोळ्या करायचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि आता मुलगा समोर बसून अभ्यास करतो, आई तिथेच भाजी निवडतात. पण पहिली दोन वर्षं शेगडीवर काहीच नव्हतं. भिंतीत एक १२ इंची एक्झॉस्ट, तोही ९ फूट लांब. वाफ तिथवर पोचायच्या आधीच छताला जाऊन भिडायची. पीओपीवर शेगडीच्या बरोबर वर पिवळा गोल डाग पडला होता, पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं तर काळा चिकट थर निघायचा. भिवापुरी मिरचीची फोडणी पडली की वरच्या खोलीत झोपलेलं पोरगं खोकत उठायचं.

मग शोध सुरू झाला. मधल्या ओट्याची तयार चिमणी वेगळी येते, छतातून लटकणारी. आम्हाला मिळालेले भाव ३८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत होते, डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) आणि बसवणं वेगळं. ओट्यातूनच वर निघून खाली धूर ओढणारी डाउनड्राफ्ट तर लाखाच्या पुढे गेली. शिवाय गरम वाफ स्वभावाने वर जाते, तिला खाली ओढायला फार जोर लागतो, आणि उंच कुकरची शिट्टी त्या जाळीच्या बरीच वर सुटते. तिसरा पर्याय बिनडक्टचा, कोळशाच्या फिल्टरचा. तो नणंदेच्या फ्लॅटमध्ये आहे. वास थोडा कमी होतो हे खरं, पण उष्णता आणि वाफ घरातच फिरते, आणि फिल्टर दर तीन-चार महिन्यांनी नवा घ्यावा लागतो. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे स्वयंपाकघरातली उष्णता परत स्वयंपाकघरातच सोडायला माझं मन धजेना.

एक हिशेब मात्र आधी समजून घ्या, दुकानात तो कोणी सांगत नाही. भिंतीलगतच्या शेगडीला मागून भिंतीचा आडोसा असतो, वाफ तिला धरून वर चढते. मधल्या ओट्यावर चारी बाजू उघड्या. अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटची शिफारस अशी आहे की भिंतीच्या शेगडीला रुंदीच्या दर फुटाला मिनिटाला १०० घनफूट हवा खेचली जावी, मधल्या ओट्याला १५०. आमची शेगडी अडीच फुटांची, म्हणजे ३७५ घनफूट, आपल्याकडच्या खोक्यावरच्या मापात तासाला साधारण ६४० घनमीटर. खोक्यावर छापलेला आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो, म्हणून मी १००० चा पंखा घेतला.

आणि पाइप. पाइप ४ इंची असेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात. ६ इंची पाइपाचं तोंड ४ इंचीच्या सव्वादोन पट असतं, ८ इंचीचं चौपट. आम्ही ८ इंची, पत्र्याचा, आतून गुळगुळीत घेतला आणि संपूर्ण वाटेत एकच वळण ठेवलं.

हूड बनवला आमच्या कूलरवाल्या भाऊंनी. नागपुरात कूलर गल्लोगल्ली बनतात. पत्रा कापणं, वाकवणं, पंखा बसवणं यात त्यांचा हात बसलेला. मी कागदावर चित्र काढून नेलं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कूलरची बॉडी उलटी टांगली की झालं तुमचं हूड, ताई. फक्त पत्रा नका सांगू, स्टील सांगा. पत्र्याले वाफ खाते." म्हणून ३०४ ग्रेडचं, न गंजणारं स्टील. माप १०० बाय ७० सेंटीमीटर, म्हणजे शेगडीपेक्षा चहूबाजूंनी मोठं. यात काटकसर करू नका, आडोसा नसताना हा जास्तीचा काठच वाफ पकडतो. आत हॉटेलात असतात तसे दोन बॅफल फिल्टर, म्हणजे तेल अडवणाऱ्या वाकड्या पट्ट्यांचे. काठाला आतून बोटभर पन्हळ करून घेतली, कोपऱ्यात तेल जमायला वाटी. चार आटे पाडलेल्या रॉडवर हूड टांगला, आणि अँकर थेट स्लॅबमध्ये. पीओपीला वजन देऊ नका.

खर्च असा झाला: हूड मजुरीसह ९,५००, फिल्टर २,२००, पंखा ७,२००, पाइप-वळण-क्लॅम्प २,६००, भिंतीत कोअर कटिंग (पाइपासाठी गोल भोक) १,२००, वायरिंग आणि रेग्युलेटर ८००. नंतर चूक सुधारायला ५०० गेले. एकूण २४,०००.

ती चूक उंचीची. यजमान उंच आहेत, डोक्याला लागेल म्हणून हूड शेगडीपासून ३४ इंचांवर टांगला. पहिल्याच दिवशी वरणाला फोडणी दिली आणि अर्धा धूर काठाच्या बाहेरून निघून गेला. भाऊंनी उदबत्ती पेटवायला लावली. मागच्या डाव्या बर्नरवर धरली तर धुराची रेघ सरळ फिल्टरमध्ये. पुढच्या उजव्यावर आणली की रेघ चार बोटं वर चढे, थरथरे आणि जेवणाच्या टेबलाकडे वळे. वर छताचा पंखा चालू होता. तो बंद केल्यावर रेघ परत आत आली. शेवटी हूड २८ इंचांवर आणला, आणि फोडणीच्या वेळी तो पंखा बंद ठेवायची सवय लावली. गॅस असेल तर २६ इंचांच्या खाली मात्र आणू नये.

दुसरा धडा देवघरातल्या समईने दिला. थंडीचे दिवस, सगळ्या खिडक्या बंद. हूड पूर्ण वेगावर लावला की समईची ज्योत स्वयंपाकघराच्या दिशेने कलायची. घरातून एवढी हवा बाहेर जाते तर तेवढी आत यायलाही वाट हवी. ती नसली की पंखा नुसता आवाज करतो. तेव्हापासून हॉलची एक खिडकी चार बोटं उघडी असते. ज्यांच्याकडे घराच्या आत गॅस गिझर आहे त्यांनी तर हे अजिबात हसण्यावारी नेऊ नये. बंद घरात जोराचा एक्झॉस्ट गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

उन्हाळ्यात हीच गोष्ट उपयोगी पडली. कूलर हॉलमध्ये हवा ढकलतो, तिला बाहेर पडायला जागा लागते, नाहीतर घर दमट होतं. हूड मंद चालू ठेवला की कूलरची हवा स्वयंपाकघरापर्यंत खेचली जाते. नवतप्यात दुपारी साडेबाराला पोळ्या करताना मला हा फरक अंगावर जाणवला. पण कूलरचा झोत थेट ओट्यावर नको, तो वाफ उडवून नेतो. मी जाळीच्या पट्ट्या वर वळवून ठेवल्या.

जानेवारीतच एकदा दुधाच्या पातेल्यात चहाच्या रंगाचा थेंब पडला. मी हादरले. पाइप अगदी सपाट टाकला होता, बाहेरचा दोन फुटांचा तुकडा रात्री गारठायचा, वाफेचं पाणी होऊन ते तेल घेऊन उलटं यायचं. पाइपाला बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार दिला, त्यानंतर एकही थेंब नाही. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप आणि कबुतरांसाठी मोठ्या भोकांची जाळी लावा. बारीक जाळी तेलाने दोन महिन्यांत बुजते, आमची बुजली होती.

पंखा हूडमध्ये न ठेवता पाइपाच्या भिंतीकडच्या टोकाला बसवला, हा निर्णय मला सगळ्यात जास्त पटलेला आहे. मधल्या वेगावर समोरासमोर नेहमीच्या आवाजात बोलता येतं. पूर्ण वेगावर मात्र टीव्ही वाढवावा लागतो.

सफाई: फिल्टर दर तीन आठवड्यांनी, कडक पाण्यात धुण्याचा सोडा टाकून वीस मिनिटं. वाटीतलं तेल आठवड्याला. पंखा ऑगस्टमध्ये मेन स्विच बंद करून उघडला. पात्यांवर पातळ थर होता, कापडाने निघाला. मोटर हवेच्या वाटेतच आहे, त्यामुळे हे काम वर्षातून दोनदा करावंच लागणार. तयार चिमणीला सर्व्हिसवाला येतो, इथे आपणच सर्व्हिसवाले. दिवा नाही, टच बटणं नाहीत, आणि हॉलमधून पाहिलं तर दिसायला हूड साधाच आहे.

पण छत नवं रंगवल्याला नऊ महिने झाले आणि डाग परत आलेला नाही. पोळ्याच्या दिवशी मी सांबारवड्या (कोथिंबिरीच्या वड्या) तळत होते, आई वरून उतरल्या आणि म्हणाल्या, "अवं, तळण झालं बी? वरतं तं वासच नाही आला." सावजी रश्श्याचा मसाला भाजताना ठसका अजूनही लागतो, पण ओट्याशी उभ्या असलेल्यालाच, टेबलावर बसलेले जेवत असतात.

घर अजून बांधायचं असेल तर पहिली पसंती भिंतीलगतच्या शेगडीलाच द्या, निम्म्या खर्चात काम होतं. मधला ओटाच हवा असेल तर बाहेरच्या भिंतीपासून तो जितका जवळ घेता येईल तितका घ्या, आणि भिंत चढत असतानाच बीमच्या खाली ९ इंची पाइपाचा तुकडा बसवून घ्या. आमच्या इंजिनिअरांनी बीमला हात लावू दिला नाही, ते बरोबरच होतं, पण त्यामुळे पाइप सहा इंच खाली घ्यावा लागला आणि फॉल्स सीलिंगचा तेवढा भाग परत करावा लागला. तो खर्च वरच्या २४ हजारांत धरलेला नाही.