अँट बिल्डमध्ये मशीनचं नाव कुठून घ्यावं: एन्व्हायर्नमेंट, होस्टइन्फो की एक्झेक?

अँट हे जावा प्रोग्राम बिल्ड करणारं टूल. बिल्डमधून निघणारी जार फाइल कुठल्या मशीनवर बनली, याचा शिक्का तिच्यावर हवा असेल आणि टेबलावर विंडोज, बिल्ड सर्व्हरवर लिनक्स अशी जोडी असेल, तर हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामना पुरवते ती नावाची किंमत) सगळ्यात सोपं, पण भरवशाचं नाही. विंडोजवर 'कॉम्प्युटरनेम' हमखास मिळतं, मात्र ते नेटबायॉस (विंडोजची जुनी नेटवर्क पद्धत) नाव असतं: कॅपिटल अक्षरांत आणि जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या मशीनला इंग्रजीत 'सोलापूर-चिंचोळी-बिल्ड१' असं नाव दिलंत, तर पंधरा अक्षरं 'चिंचो'पाशीच संपतात. मशीन कितवं, हे सांगणारा शेपटाचा आकडाच गळतो. लिनक्सवर अडचण वेगळी. 'होस्टनेम' हे बॅशचं, म्हणजे लिनक्सच्या कमांड शेलचं, स्वतःचं व्हेरिएबल आहे. एक्स्पोर्ट केलेलं (इतर प्रोग्रामना दिलेलं) नसेल तर टर्मिनलवर एकोने दिसतं, अँटला मात्र दिसत नाही. अशा वेळी अँट एररही देत नाही, व्हेरिएबलचं नाव डॉलर-कंसासकट तसंच फाइलमध्ये उतरतं.

अँट १.८ पासून 'होस्टइन्फो' टास्क (बिल्डमधलं एक तयार काम) आहे. नाव, डोमेन, आयपी एकदम हवं असेल तर तो बरा. पण तो नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून उलट नाव शोधतो. ऑफिसातल्या साध्या राउटरवर रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी सोय) नसेल, तर हातात 'लोकलहोस्ट' येतं. मग प्रत्येक जारवर तोच शिक्का, म्हणजे असून नसल्यासारखाच. व्हीपीएन सुरू असेल तर कार्डही भलतंच निवडलं जाऊ शकतं.

आमचं मत 'एक्झेक'च्या, म्हणजे बाहेरची कमांड चालवणाऱ्या टास्कच्या, बाजूने. दोन टास्क लिहा, आउटपुट एकाच प्रॉपर्टीत घ्या. 'ओएसफॅमिली' (टास्क कुठल्या ओएसवर चालवायचा ते) विंडोज असलेल्यात 'होस्टनेम' चालवा, युनिक्स असलेल्यात 'युनेम डॅश एन'. लिनक्सच्या काही छोट्या इमेजमध्ये (तयार सिस्टिमच्या साच्यांत) 'होस्टनेम' कमांडच नसते आणि बिल्ड तिथेच थांबतं, म्हणून युनेम. दुसऱ्या ओएसचा टास्क अँट आपोआप वगळतो. नावावरून अट लावणार असाल तर 'इक्वल्स'मध्ये (दोन मजकूर सारखे का ते तपासणारी अट) 'केससेन्सिटिव्ह' फॉल्स करा, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक पडणार नाही.

बिल्ड डॉकरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, होत असेल तर तिन्ही पद्धतींनी खऱ्या मशीनचं नाव मिळणार नाही. आत मुळात कंटेनर आयडीची १२ अक्षरं हेच होस्टनेम असतं, त्यामुळे रन करतानाच होस्टनेमचा पर्याय द्यावा लागतो.

आणि जमल्यास हे नाव जारमध्ये घालूच नका, शेजारच्या लॉग फाइलमध्ये लिहा. आत घातलंत की एकाच कोडच्या जारचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) दोन मशीनवर कधीच जुळणार नाही.