मीठ की साखर: कुणाच्या पाण्याचा परासरण दाब जास्त?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवा. थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी जमतं आणि फोडी लवचिक होतात. फोडीतलं पाणी खेचून काढणारं हे परासरण. साखरही तेच करते, पण ती बरीच जास्त लागते. मोरंब्याला वाट्या भरभरून साखर, लोणच्याला मात्र मूठभर मीठ का, याचं एक मोठं कारण इथेच आहे.

परासरण दाब, म्हणजे द्रावणाची पाणी खेचण्याची ताकद, कणांच्या संख्येवर ठरतो, कण कशाचे आहेत यावर नाही. सूत्र π = iCRT: π म्हणजे परासरण दाब, i म्हणजे विरघळल्यावर एका रेणूचे किती कण होतात तो आकडा, C म्हणजे मोलर तीव्रता (लिटरभर द्रावणात किती मोल), R वायू स्थिरांक आणि T केल्विनमधलं तापमान. साखरेचा रेणू पाण्यात अख्खाच राहतो, म्हणून i = 1. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणून i जवळपास 2. २७ अंश सेल्सिअसला ०.१ मोलर साखरेच्या द्रावणाचा दाब सुमारे २.५ अॅटमॉस्फिअर, तेवढ्याच मोलर मिठाचा जवळपास दुप्पट. बरेच विद्यार्थी इथे i विसरतात आणि हातचे गुण घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वजनाने तुलना केली तर फरक आणखी वाढतो. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम साखर ०.७ अॅटमॉस्फिअर देते, १० ग्रॅम मीठ ८ च्या आसपास. कारण साखरेचा रेणुभार ३४२, मिठाचा सूत्रभार फक्त ५८.५, म्हणजे तेवढ्याच वजनात मिठाचे कण कितीतरी जास्त.

सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के पुरतं, ग्लुकोज मात्र ५ टक्के लागतं, तेही याच हिशोबाने.