एफएफएमपेग: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्यातही फास्टस्टार्टविषयी जरा जास्तच

व्हिडिओंचे रूपांतर करून देणाऱ्या एका सशुल्क क्लाउड सेवेशी बिलावरून वाद झाला आणि आम्ही एफएफएमपेगकडे, म्हणजे आज्ञा लिहून चालवायच्या व्हिडिओ-ध्वनी रूपांतराच्या मोफत साधनाकडे वळलो. त्या सेवेची आकारणी मिनिटांवर होती आणि अर्ध्यात फसलेल्या कामाची मिनिटेही बिलात धरली जात. तक्रार केली की तुमची फाइलच सदोष आहे, एवढेच ठरलेले उत्तर येई. दोष नेमका कोणता, हे विचारले की पुढचा मजकूर बंद. तीच फाइल एफएफप्रोबला, म्हणजे एफएफएमपेगसोबत येणाऱ्या तपासणीच्या साधनाला दिली, तेव्हा चित्र आणि ध्वनी दोन्ही धडधाकट असून फोनने त्यांच्याशेजारी माहितीचा एक जादा ट्रॅक जोडलेला आहे, हे क्षणात समोर आले. एफएफएमपेग आपण होऊन एक चित्राचा आणि एक ध्वनीचा ट्रॅक निवडते व बाकीचे सोडून देते, त्यामुळे काम पहिल्या फटक्यात झाले. ज्या निदानासाठी आम्ही पैसे मोजून वाट पाहत होतो, ते फुकटात मिळाले, आणि या अनुभवलेखाचा सूर बराचसा त्या समाधानावरच ठरलेला आहे.

आता तक्रार. तयार झालेली एमपी४ फाइल आपल्या संगणकावर झकास चालते, एफएफएमपेग यशाचा शून्य संकेतांक परत करते, आणि तीच फाइल आमच्या अ‍ॅपमधून नेटवर्कवरून उघडली की प्रेक्षकासमोर काळी चौकट व फिरणारे चक्र राहते. कारण सर्वांना ठाऊक असलेले, तरीही प्रत्येक नव्या प्रकल्पात कोणाच्या तरी नजरेतून सुटणारे आहे. कोणती फ्रेम कितव्या बाइटवर आहे, किती मोठी आहे आणि केव्हा दाखवायची, हे सगळे एमपी४च्या मूव्ह या भागात असते, आणि एफएफएमपेग तो भाग फाइलच्या शेवटी लिहिते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी आणि वाचकाला पाने मात्र पहिल्यापासून एकेक करून द्यावीत, असा हा प्रकार आहे. तो भाग पुढे आणणारा फास्टस्टार्ट हा पर्याय उपलब्ध आहे, पण तो आपण स्वतः द्यावा लागतो. पूर्वी यासाठी क्यूटी-फास्टस्टार्ट नावाचा वेगळा प्रोग्राम चालवावा लागे, त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

सर्व्हर फाइलचे तुकडे देऊ शकत असेल, तर ब्राउझर यातूनही वाट काढतो. नेटवर्क पॅनेल उघडून पाहिल्यास पहिली विनंती आरंभाची, दुसरी थेट शेपटाची आणि तिसरी पुन्हा आरंभाची, अशी त्याची धावपळ स्पष्ट दिसते. परंतु व्हिडिओ जेव्हा परवानगी तपासणाऱ्या एखाद्या मधल्या कोडमधून दिला जातो आणि तो कोड रेंज हेडर, म्हणजे कोणता तुकडा हवा हे सांगणारी ओळ, पुढे न पाठवता ‘हा तुकडा’ अशा अर्थाच्या २०६ऐवजी ‘ही पूर्ण फाइल’ अशा अर्थाचे २०० हे उत्तर देतो, तेव्हा ब्राउझरला शेवटच्या अनुक्रमणिकेसाठी संपूर्ण फाइल उतरवून घ्यावी लागते. आयफोनवरील सफारी तर आधी फक्त पहिले दोन बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेते आणि तुकडा मिळाला नाही तर व्हिडिओ सुरूच करत नाही. तिथे फास्टस्टार्टचाही उपयोग होत नाही, सर्व्हरच दुरुस्त करावा लागतो.

इतका महत्त्वाचा पर्याय मुळात बंद का ठेवावा, हा माझा राग बरेच दिवस टिकला. पुढे तासन्‌तास चालणारी रेकॉर्डिंग हाताळायची वेळ आली, तेव्हा मत काहीसे बदलले. शेवटची फ्रेम लिहून होईपर्यंत अनुक्रमणिकेचा आकार ठरत नाही, म्हणून ती पुढे न्यायची म्हणजे सगळी फाइल दुसऱ्यांदा लिहिणे आले, आणि मोठ्या फाइलींच्या बाबतीत डिस्कवर तो भार चांगलाच जाणवतो. निकाल थेट पाइपमध्ये, म्हणजे डिस्कवर न लिहिता दुसऱ्या प्रोग्रामकडे सोडायचा असेल, तर मागे जाऊन लिहिण्याची सोयच नसते. तिथे तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला एमपी४ घ्यावा लागतो. तेव्हा हा पर्याय बंद ठेवण्यामागे तर्क आहे, हे मान्य. तरीही पर्याय चालू असताना दुसरी फेरी सुरू झाल्याचे जे साधन आवर्जून सांगते, ते बंद असताना चकार शब्द काढत नाही, हे मला अजूनही पटत नाही. एका ओळीच्या सूचनेने काय बिघडले असते?

बाकीच्या खाचखळग्यांवर एवढा राग नाही, कारण ते एकदा ठेचकाळले की लक्षात राहतात. पीएनजी चित्रांपासून व्हिडिओ बनवताना रंगांचा प्रकार वाययूव्ही४२०पी असा स्पष्ट सांगितला नाही, तर अनेक प्लेअर तो दाखवत नाहीत. एचईव्हीसी (एच.२६५) या संकोचन पद्धतीच्या फाइलला एचव्हीसी१ हा टॅग नसेल, तर अ‍ॅपलची उपकरणे तिला ओळखच देत नाहीत. उंची ७२० ठेवून रुंदी आपोआप काढायची असेल, तर उणे एकऐवजी उणे दोन लिहावे, म्हणजे विषम संख्या येऊन काम अडत नाही. एक गंमत मात्र सांगायलाच हवी: शेल स्क्रिप्टच्या लूपमध्ये फाइलींची यादी वाचत एफएफएमपेग चालवले, की ते त्याच यादीतील अक्षरे कीबोर्डवरून आपल्याला दिलेल्या आज्ञा समजून गिळते, आणि पुढच्या फाइलींची नावे मुंडके उडालेल्या अवस्थेत हाती येतात. नोस्टडीन हा पर्याय दिला की हे थांबते.

अनपेक्षित आनंद ब्राउझरमधील रेकॉर्डिंगने दिला. क्रोममधील मीडियारेकॉर्डर या रेकॉर्डिंगच्या सोयीने बनवलेल्या वेबएम प्रकारच्या व्हिडिओ फाइलीत कालावधीच नोंदलेला नसतो. प्लेअर तो अनंत समजतो आणि पुढे-मागे सरकण्याची पट्टी निरुपयोगी होते. त्यावर जावास्क्रिप्टमधील नाना क्लृप्त्या सुचवल्या जातात. प्रत्यक्षात फाइल एफएफएमपेगमधून कोडेक कॉपीच्या पर्यायासह एकदा फिरवली, की चित्र-ध्वनीला हातही न लावता नवे आवरण तयार होते, त्यात कालावधी येतो, आणि एवढ्याला जेमतेम एक-दोन सेकंद लागतात. सशुल्क सेवेत याच कामाला पूर्ण रूपांतराचा दर लागत होता, हे आठवले की अजून चिडचिड होते.

मोबाइल अ‍ॅपच्या आत हेच साधन घालण्याचा विचार मात्र आता सोडलेला बरा. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा एफएफएमपेगकिट हा तयार संच २०२५ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या थेट वापरता येणाऱ्या बायनरी फाइलीही काढून घेण्यात आल्या. शिवाय एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ बनवणारे एक्स२६४ जोडले की एफएफएमपेगचा परवाना सैल अटींच्या एलजीपीएलऐवजी कडक अटींचा जीपीएल होतो, आणि अ‍ॅप लोकांच्या हाती देताना हा फरक महागात पडू शकतो. फोनवर अँड्रॉइडचे मीडिया३ ट्रान्सफॉर्मर आणि आयओएसचे एव्हीफाउंडेशन ही तिथलीच व्हिडिओची साधने वापरावीत. ती हार्डवेअरची मदत घेतात, त्यामुळे बॅटरीही कमी खर्ची पडते. आयओएसवर त्यातला फाइल लिहिणारा एव्हीअ‍ॅसेटरायटर वापरणार असाल, तर नेटवर्कसाठी फाइल अनुकूल करण्याचा पर्याय तिथेही आपणच चालू करावा लागतो. म्हणजे ही खोड एकट्या एफएफएमपेगची नाही.

खर्चाच्या बाजूने आमचे समाधान झाले आहे. एक्स२६४चा सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, मुळात २३ असतो; तो वाढवला की दर्जा आणि फाइलचा आकार दोन्ही घटतात. ज्या व्हिडिओंत बहुतांश वेळ स्थिर स्लाइडच दिसतात, त्यांना आम्ही २८ देतो, आणि अक्षरे वाचायला अडचण न येता फाइली बऱ्याच लहान होतात. एव्ही१ या नव्या संकोचन पद्धतीने त्या आणखी लहान होतील, परंतु सफारी तो फक्त हार्डवेअर डीकोडर असलेल्या उपकरणांवरच चालवते आणि आयफोनमध्ये असा डीकोडर १५ प्रोपासून पुढेच मिळतो. जुने फोन वापरात असेपर्यंत एच.२६४ची प्रत ठेवणे भागच आहे, आणि दोन्ही प्रती ठेवल्या तर वाचलेली जागा पुन्हा त्यांतच जाते, म्हणून एव्ही१ तूर्त प्रयोगापुरताच ठेवला आहे.